कथेचा मार्ग आणि कथेचे गाव

यात्रामार्गावरील मौखिक परंपरेचा विचार बहुधा स्थळाच्या अनुषंगाने केला जातो. स्थलमाहात्म्याच्या या चौकटीत कथा जपली जाते. तिचा प्रवास मात्र झाकला जातो. स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे प्रेषित याकोबाची समाधी मानली जाते. तिकडे जाणाऱ्या मार्गावरील, फाशी दिलेल्या तरुणाची कथा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

बाराव्या शतकातील 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' या लॅटिन संकलनात ही कथा येते. स्थळ फ्रान्समधील तुलूझ, काळ १०९०. एक सराईवाला जर्मन यात्रेकरूंना मद्य पाजतो, त्यांच्या सामानात चांदीचा पेला लपवतो आणि चोरीचा आळ घेतो. हेतू त्यांचे द्रव्य लुबाडण्याचा. बाप आणि मुलगा एकमेकांसाठी मरण पत्करू पाहतात. अखेर मुलाला फाशी होते. छत्तीस दिवसांनी बाप सान्तियागोहून परततो, तेव्हा प्रेषिताने तोलून धरलेला मुलगा फासावर जिवंत असतो. सराईवाल्याला देहदंड मिळतो. याच संकलनातील एका प्रवचनात सराईवाल्यांच्या लबाड्यांची झाडाझडती आहे. म्हणजे कथेतील पापी हा अपवाद नसून एका व्यवसायाचा प्रतिनिधी आहे.

पुढे हीच कथा स्पेनमधील सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा या गावाची झाली. येथे न्यायाधीशाच्या ताटातील शिजलेली कोंबडी जिवंत होऊन तरुणाच्या निरपराधित्वाची साक्ष देते. गावच्या कॅथीड्रलमध्ये आजही जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवली जातात. परंतु कोंबड्यांच्या आगमनाहून महत्त्वाचा बदल वेगळाच आहे. या रूपात पेला लपवते ती सराईतील तरुणी. कारण यात्रेकरूने तिचे प्रेम नाकारलेले असते. दोष व्यवसायाच्या लोभाकडून स्त्रीच्या वासनेकडे सरकतो.

या बदलाला केवळ 'पाठभेद' म्हणणे अपुरे आहे. पहिल्या रूपात वाटसरूची तक्रार ऐकू येते. दुसऱ्यात, यात्रेकरूंवर उपजीविका करणाऱ्या गावाला ती तक्रार सोसवेल असे वळण मिळालेले दिसते. पोर्तुगालमधील बार्सेलुशच्या कथेत तरुणीही नाही. तेथे गालिसियाहून आलेल्या परक्यावरचा संशय भाजलेल्या कोंबड्याच्या आरवण्याने फिटतो. हा कोंबडा आज पोर्तुगालचे लोकप्रिय प्रतीक बनला आहे. कथेचा ताबा कोणाकडे आहे, यावर अपराधी कोण हे ठरते.

वारसाजतनाच्या संदर्भात हा प्रश्न तीव्र होतो. १९८७ मध्ये युरोप परिषदेने या यात्रामार्गाला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९९३ मध्ये त्याचा स्पेनमधील मुख्य भाग युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आला. अमूर्त वारशाविषयीच्या २००३ च्या युनेस्को करारात तर परंपरा समाजाकडून सतत नव्याने घडवली जाते, हे तत्त्व मान्य केलेले आहे. तथापि येथे समाज कोणता? गावाला पिढ्या असतात, देवालय असते, बाजार असतो. वाटसरूंचा समाज मार्गावर जमतो आणि मार्गावरच पांगतो. आपल्या कथेवर हक्क सांगण्यासाठी तो कोठे थांबत नाही.

म्हणून केवळ गावात आज सांगितले जाणारे रूप नोंदवणे म्हणजे परंपरेचे अर्धेच जतन होय. तुलूझचा सराईवाला आणि सान्तो दोमिंगोची तरुणी ही दोघे समोरासमोर उभी केली, तरच त्या तरुणीवर टाकलेला आळही तपासता येतो. चोरीच्या खोट्या आळाची ही कथा एवढी अपेक्षा तरी समीक्षेकडून करतेच.