आतिथ्यखर्चाचे नियम : हेतू आणि हिशेब

प्रस्तावना

चर्चासत्राच्या हिशेबात चहापान व भोजन ही बाब रकमेने लहान, परंतु वादाने मोठी असते. विद्यापीठीय निधीतून होणाऱ्या या खर्चाच्या नियमांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमामागील तत्त्व

केंद्रीय अनुदानाला लागू होणाऱ्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील २१ व्या नियमात वित्तीय औचित्याची तत्त्वे सांगितली आहेत. सामान्य विवेकाची व्यक्ती स्वतःचा पैसा ज्या दक्षतेने खर्च करते, तीच दक्षता सार्वजनिक पैशाबाबत अपेक्षित आहे. खर्च प्रसंगाच्या गरजेपेक्षा अधिक नसावा आणि भत्ता हे लाभाचे साधन होऊ नये, असेही त्यात अभिप्रेत आहे. येथे भर दरावर नसून विवेकावर आहे.

हेतूचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पेशवाईत श्रावणमासात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमदानीत याच निधीच्या आधारे १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे नवशिक्षितांच्या मागणीनंतर १८५१ मध्ये दक्षिणा प्राईझ कमिटी स्थापन होऊन मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. सत्काराचा पैसा विद्येकडे वळला, तो त्याचा हेतू तपासला गेल्यामुळे.

व्यवहारातील विसंगती

आज मात्र हेतूपेक्षा पावतीची तपासणी अधिक होते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी ही विसंगती ठळक होते. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र येथे असले, तरी पुष्कळ साधनव्यक्ती कोकण रेल्वेने दूरवरून येतात. गाडी रात्री उशिरा किंवा पहाटे पोहोचली, तर पाहुण्यांचे भोजन व चहा कार्यपत्रिकेतील वेळेबाहेर जातो. असा खर्च अमान्य झाल्यास तो संयोजक प्राध्यापकाच्या खिशावर पडतो. भत्ता लाभाचे साधन नसावा हे मान्य. परंतु कर्तव्य हे तोट्याचे कारण व्हावे काय?

दुसरी अडचण बिलाची. येथे भोजन पुष्कळदा घरगुती खानावळीकडून वा महिला बचत गटाकडून येते. सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे बंधनकारक नसते. तरीही जीएसटी बिलाचाच आग्रह धरला, तर कायद्याने न मागितलेला कागद मागितला जातो. परिणामी स्वस्त व स्थानिक पुरवठादार वगळला जातो, किंवा दुसऱ्याच्या नावाचे बिल जोडण्याचा मोह निर्माण होतो. प्रामाणिक माणसाला खोटे लिहावयास लावणारा नियम काटकसर साधत नाही.

तथापि कठोरतेचे कारणही दुर्लक्षिता येत नाही. हा निधी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून व करदात्यांच्या पैशातून येतो. ग्रंथालयाची मागणी पडून असताना पंगती झडाव्यात, हे समर्थनीय नाही.

निष्कर्ष

नियम शिथिल करण्यापेक्षा ते अर्थपूर्ण करणे आवश्यक आहे. त्यासाठी प्रत्येक खर्चासोबत प्रसंग, हेतू व उपस्थितांची स्वाक्षरीयुक्त यादी असावी. प्रवासाच्या वेळेनुसार भोजन ग्राह्य धरावे. नोंदणी नसलेल्या पुरवठादाराचे साधे, सही केलेले बिल स्वीकारावे. आणि मंजुरी देणारा स्वतः लाभार्थी असल्यास निर्णय अन्य अधिकाऱ्याने घ्यावा. लेखापरीक्षकाने ताटे मोजावीत. परंतु ती कशासाठी मांडली गेली, हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येईल, तोच खर्च विद्यापीठाच्या नावाने व्हावा.