माहेर, सासर आणि तिसरें घर

‘मी सिंधुताई सपकाळ’ हा अनंत महादेवन यांनीं दिग्दर्शित केलेला २०१० सालचा चित्रपट पाहून प्रेक्षक डोळे पुसतच बाहेर पडतो. तें रडणें खोटें नव्हे. तेजस्विनी पंडित यांचा अभिनय त्यास पात्रहि आहे. परंतु या अश्रूंच्या ओघांत एक अवघड प्रश्न वाहून जातो, अशी आमची तक्रार आहे.

सिंधुताईंचा जन्म १९४८ सालीं वर्धा जिल्ह्यांतील पिंपरी मेघे येथें झाला. बालवयांतच कितीतरी मोठ्या पुरुषाशीं त्यांचें लग्न लावून देण्यांत आलें. शारदा कायदा १९२९ मध्येंच झालेला होता, व १९४९ पासून मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा १५ वर्षें होती. म्हणजे तो विवाह उघडउघड कायद्याविरुद्ध होता. पुढें दिवस भरत आले असतांना चारित्र्याच्या संशयावरून नवऱ्यानें हाकललें, आणि जन्मदात्या आईनेंहि थारा दिला नाहीं. चित्रपटांत या अनर्थाचें खापर गांवांतील एका दुष्टावर आणि संशयी नवऱ्यावर फुटतें. प्रेक्षक सुटतो. पण त्या लग्नांत अक्षता टाकणारे हात कोणाचे होते? भल्या माणसांचेच ना?

पीडित बालकास शक्यतों कुटुंबांतच परत न्यावें, संस्था हा शेवटचा उपाय, असें २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. तत्त्व योग्यच आहे. मात्र ज्या घरानेंच लेकरूं लोटलें, तेथें तें कोणत्या नात्यानें परतावें? याचें उत्तर २०२२ सालीं निवर्तलेल्या सिंधुताईंच्या चरित्रांत आहे. सांभाळलेल्या मुलांत दुजाभाव होऊं नये म्हणून त्यांनीं पोटची ममता पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टच्या स्वाधीन केली. अठरावें वर्ष सरलें म्हणून मुलांस बाहेर काढलें नाहीं. त्यांचीं लग्नें लावलीं, सुना-जांवई जोडले. वृद्ध नवरा आश्रयास आला तेव्हां त्यालाहि घेतलें, पण पति म्हणून नव्हे, लेकरूं म्हणून. अन्न नाकारलें नाहीं. जुनी सत्ता मात्र परत दिली नाहीं. पुनर्मीलनाची याहून करडी अट आम्हीं कोठें वाचलेली नाहीं.

आणि चित्रपट? तो सॅन होजेच्या विमानांत बसून भूतकाळ आठवतो, आणि परदेशच्या व्यासपीठावर पोहोंचणें हाच समाजाचा स्वीकार, असें सुचवितो. माईंसाठीं टाळ्या वाजविणें सोपें आहे. माईंची लेक सून म्हणून उंबरठ्याच्या आंत घेणें निराळें. आश्रमांतील एखाद्या मुलाच्या शाळाप्रवेशावर, बापाच्या नांवाच्या रिकाम्या रकान्यासमोर अडलेल्या हेडमास्तरांवर, दिग्दर्शकानें पांच मिनिटें खर्चिलीं असतीं, तर प्रेक्षागृहांतील मंडळींना आपली खुर्ची जराशी टोंचली असती.