अक्काचा थवा आणि खरे रानहंस

विज्ञानाच्या तासाला बोलणारे प्राणी आणावेत का? काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात या प्रश्नावरून आमची चांगलीच हजेरी घेतली गेली. पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी बोलताना आम्ही सेल्मा लागरलॉफ या स्वीडिश लेखिकेच्या ‘निल्स होल्गरसनची अद्भुत सफर’ या पुस्तकाची शिफारस केली होती. मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, राजहंस दूध आणि पाणी वेगळं करतो ही समजूत मुलांच्या डोक्यातून काढता काढता आमचं वर्ष जातं. त्यात आता तुमचा बोलणारा हंस कशाला?’’ सगळे हसले. आम्हीही हसलो, पण नीट उत्तर सुचले नाही. घरी येऊन पुस्तक पुन्हा वाचले. या वेळी हातात पेन्सिल घेऊन, एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध तपासावा तसे. हा लेख म्हणजे बाईंना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. बाई सगळ्याच चुकल्या नव्हत्या, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

हे पुस्तक शिक्षकांनी मागून घेतलेले आहे. १९०२ साली स्वीडनच्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने लागरलॉफबाईंना शाळांसाठी भूगोलाचे वाचनपुस्तक लिहायला सांगितले. बाई स्वतः सुमारे दहा वर्षे लांडस्क्रोना गावात मुलींच्या शाळेत शिकवीत होत्या. पशुपक्ष्यांचा आणि देशाच्या भूगोलाचा बराच अभ्यास करून त्यांनी १९०६ आणि १९०७ साली दोन खंड लिहिले. १९०९ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे १९९१ साली निघालेल्या वीस क्रोनरच्या नोटेवर एका बाजूला त्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला हंसाच्या पाठीवर बसलेला निल्स. मागणीवरून लिहिलेले क्रमिक पुस्तक नोटेवर जाऊन बसल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतात राहणारा चौदा वर्षांचा निल्स आळशी आहे आणि मुक्या जनावरांना छळतो. घरातल्या एका बुटक्या यक्षाला तो जाळ्यात पकडतो आणि शिक्षा म्हणून स्वतःच वीतभर होतो. त्याच वेळी वरून उत्तरेकडे जाणारे रानहंस पाहून अंगणातला पाळीव पांढरा हंस, मोर्टेन, उडू लागतो. त्याला धरून ठेवायला गेलेला निल्स त्याच्याबरोबर वर उचलला जातो. मग लॅपलंडपर्यंत आणि तिथून शरद ऋतूत परत, असा सारा देश त्याला पक्ष्याच्या पाठीवरून दिसतो.

इथे आपल्या भाषेची एक अडचण आहे. स्वान आणि गूज हे वेगळे पक्षी, पण आपण दोघांनाही हंस म्हणून मोकळे होतो. निल्सचे पक्षी गूज आहेत. हिवाळ्यात आपल्या तलावांवर येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा त्यांचा भाऊबंद. या लेखात त्यांना आम्ही रानहंस म्हटले आहे. थव्याच्या म्हाताऱ्या पुढारणीचे नाव मात्र भाषांतर न करता आपल्याकडे चालून जाते. तिचे नाव अक्का! सामी लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ म्हातारी बाई, आणि त्याच नावाचा एक पर्वत लॅपलंडमध्ये आहे. आपल्या वर्गातली मुले तिला थोरली बहीण समजतील. तेवढ्याने काही बिघडत नाही.

आता पेन्सिलीच्या खुणा. अक्काचे वय शंभरावर सांगितले आहे. खरा रानहंस दोन-तीन दशके जगला तरी पुष्कळ झाले. मोर्टेनचे उड्डाणही मानण्याजोगे नाही. युरोपातले पाळीव हंस रानटी ग्रेलॅग जातीपासून आले हे खरे, पण पिढ्यानपिढ्या मांसासाठी वाढवलेले हे जड शरीर कुंपण ओलांडेल, देश ओलांडणार नाही. शिवाय पुस्तकात थव्याच्या टोकाशी सदैव अक्का असते. पुढे उडणाऱ्याला सर्वांत जास्त श्रम पडतात, मागच्याला पुढच्याच्या पंखामुळे वर उठणाऱ्या हवेचा आधार मिळतो. वॉल्डरॅप नावाच्या टकल्या शराटींवर उपकरणे बसवून केलेल्या, २०१४ आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असे दिसले, की पक्षी पंखांची लय पुढच्याच्या लयीशी जुळवतात आणि पुढे राहण्याची पाळी आपसांत बदलतात. कायमचा पुढारी ही माणसाची हौस असावी.

पण या चुका काढायला सोप्या आणि शिकवायलाही सोप्या आहेत. मुले त्या स्वतःच पकडतील. लागरलॉफबाईंना जे बरोबर कळले होते ते जास्त अवघड आहे.

परतीच्या प्रवासात अक्का त्या वर्षीच्या पिल्लांना वाटेवरच्या डोंगरांची नावे पाठ करायला लावते, आणि इतकी अवघड नावे डोक्यात राहत नाहीत म्हणून पिल्ले कुरकुरतात. भूगोलाच्या कोणत्याही शिक्षकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. नावांचा भाग गमतीचा म्हणून सोडून द्या. पण हंसांच्या पिल्लांना वाट शिकावी लागते, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. युरोपातली कुकू दुसऱ्याच्या घरट्यात वाढते, आईबापांना कधी पाहत नाही आणि तरी एकटीच आफ्रिकेला जाते. तिची दिशा उपजत असते. हंसांचे तसे नाही. पिल्ले पहिला हिवाळा आईबापांबरोबर काढतात, त्यांच्या मागून जातात आणि कुठे उतरायचे, कुठे चरायचे हे पाहून शिकतात. म्हणजे हंसाची वाट ही एका पिढीने दुसरीला दिलेली वस्तू आहे. मधली पिढी मारली गेली, तर पक्षी उरले तरी वाट हरवू शकते.

अंड्यातून बाहेर आल्यावर जो हलता प्राणी प्रथम दिसेल त्याच्या मागे हंसाचे पिल्लू लागते, त्याचा ठसा पिल्लावर उमटतो, हे कोन्राड लॉरेन्झ यांनी १९३०च्या दशकात ग्रेलॅग हंसांवर दाखवले. त्यांना १९७३ साली नोबेल मिळाले. लहानपणी निल्सची गोष्ट ऐकून आपल्याला रानहंसच व्हावेसे वाटले होते, आणि ते जमणार नाही हे कळल्यावर निदान एक हंस तरी आपला असावा अशी ओढ लागली, असे त्यांनी आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. बोलणारे हंस वाचून मूल विज्ञानापासून दूर जातेच, असे नाही.

आता पुस्तक क्षणभर बाजूला ठेवून खऱ्या लॅपलंडकडे पाहू. तिथल्या डोंगराळ टुंड्रात वीण करणारा एक हंस आहे, छोटा पांढऱ्या कपाळाचा हंस. याचाच मोठा भाऊ दिसायला जवळजवळ असाच. छोट्याच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते, एवढी सोपी खूण. पण पहाटेच्या धुक्यात बंदूक रोखलेल्या शिकाऱ्याला ती दिसत नाही. मोठ्याची शिकार अनेक देशांत कायदेशीर आहे, त्यात छोटाही मरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या पट्ट्यात हे हंस दहा हजारांच्या घरात होते असा अंदाज आहे. शतक संपताना तिथल्या मूळ रानटी पक्ष्यांच्या काही डझन जोड्याच उरल्या होत्या. स्वीडनमधली मूळ वीण तर जवळजवळ संपलीच.

१९८१ साली स्वीडनमध्ये लांबार्ट फॉन एसेन यांनी एक धाडसी प्रयोग सुरू केला. या हंसांची जुनी वाट आग्नेयेकडे, शिकारीच्या प्रदेशांतून जात होती. बार्नॅकल जातीचे हंस मात्र हिवाळ्यात नेदरलँड्सला जातात, आणि ती वाट त्या मानाने सुरक्षित. मग छोट्या हंसांची पिल्ले बार्नॅकल आईबापांच्या हाती दिली तर? पिल्ले पालकांच्या मागून जातील, नवी वाट शिकतील. आणि तसेच झाले. १९९९ पर्यंत साडेतीनशेच्या आसपास पक्षी सोडले गेले. त्यांच्यातले जगलेले पक्षी आणि त्यांची पिल्ले लॅपलंड ते नेदरलँड्स अशी ये-जा करू लागली.

निल्सच्या पुस्तकात याच प्रयोगाची उलटी आवृत्ती आहे. अक्का एका पोरक्या गरुडाच्या पिल्लाला, गोर्गोला, मासे भरवून वाढवते. त्याला आपण हंसच आहोत असे वाटते. पुढे आपण कोण आहोत हे कळल्यावर तो आणि अक्का यांचे बिनसते. मुलांना हा भाग फार आवडतो. आम्हांला तो एक गंभीर शास्त्रीय प्रश्न म्हणून आवडला : परक्या आईने वाढवलेले पिल्लू पुढे जोडीदार कुणात शोधणार? अमेरिकेत १९७५ पासून इडाहो राज्यात हूपिंग क्रेन या दुर्मिळ करकोच्याची अंडी सँडहिल जातीच्या करकोच्यांच्या घरट्यांत ठेवली गेली. पिल्ले वाढली, वाटही शिकली. पण मोठी झाल्यावर त्यांच्यात आपल्याच जातीची एकही जोडी जमली नाही. अखेर तो उपक्रम बंद करावा लागला. स्वीडनमध्ये निदान ही आपत्ती टळली, छोट्या हंसांनी आपसांत जोड्या जमवल्या. तिथली अडचण वेगळीच निघाली. पिंजऱ्यात वाढवलेल्या मूळ पक्ष्यांच्या काहींमध्ये मोठ्या पांढऱ्या कपाळाच्या हंसाची जनुके मिसळलेली सापडली. पक्षी सोडणे थांबवावे लागले. नंतर रशियातून आणलेल्या रानटी पक्ष्यांपासून नवी पैदास करून काम पुढे नेले गेले. पण फिनलंड आणि नॉर्वेतल्या काही अभ्यासकांचा मूळ आक्षेप राहिलाच. वाट ही त्या पक्ष्याच्या ओळखीचा भाग असेल, तर ती माणसाने बदलायची का? आम्हांला विचाराल तर, वाट बदललेला जिवंत हंस हा वाट न बदललेल्या मेलेल्या हंसापेक्षा बरा. पण जनुकांच्या बाबतीत घाई नडली, हे मान्यच करायला हवे.

नॉर्वेने दुसरा मार्ग धरला. पिंजरा नको, जे रानटी उरलेत त्यांना वाचवा. त्यांच्या अभ्यासातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. ज्या जोडीची पिल्ले जगतात ती जोडी शरद ऋतूत हंगेरीवरून ग्रीसला, म्हणजे तुलनेने छोट्या आणि राखलेल्या वाटेने जाते. ज्यांची वीण फसते ते मात्र पिसे गाळायला पूर्वेला उत्तर रशियात जातात आणि तिथून कझाकस्तानमार्गे लांबच्या, बंदुकांनी भरलेल्या वाटेने फिरतात. म्हणजे लॅपलंडमध्ये कोल्ह्याने घरटे फोडले, की त्याची किंमत आईबापांना हजारो किलोमीटर दूर मोजावी लागते! म्हणून विणीच्या जागी लाल कोल्हे कमी करण्याची मोहीम तिथे चालली. तिचा परिणाम नेमका किती हे मोजणे अवघड आहे, कारण ज्या वर्षी लेमिंग उंदीर भरपूर असतात त्या वर्षी कोल्हा घरट्यांकडे फारसा वळतच नाही.

निल्सच्या पुस्तकात कोल्हा आहेच. स्मिरे त्याचे नाव, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दुष्ट आहे. इथे शिबिरातल्या बाईंचा आक्षेप आम्हांला पुरता मान्य आहे. प्राणी बोलतात म्हणून आमची तक्रार नाही. कोल्ह्याला पोट आहे हे लेखिका विसरते, ही तक्रार आहे. स्मिरेची पाने वाचताना वर्गात लेमिंगचा विषय काढावा, म्हणजे खलनायकाचा पुन्हा प्राणी होतो.

त्याहून मोठी तक्रार टोकर्न सरोवराच्या प्रकरणाबद्दल. हे सरोवर खरे आहे. १८४२ ते १८४४ मध्ये शेतीसाठी त्याची पातळी खाली आणली गेली होती. पुस्तकात ते पुरते आटवण्याचा बेत चालला आहे. एक लहान मुलगा आपल्या लाडक्या रानबदकाला शोधत होडीतून सरोवरात हरवतो, आईच्या मनात पक्ष्यांच्या पिल्लांची कणव जागी होते आणि बेत रद्द होतो. प्रकरण सुरेख उतरले आहे. डोळ्यांत पाणी येते. पण पाणथळ जागा अशा वाचत नाहीत. खऱ्या टोकर्नला संरक्षित क्षेत्राचा दर्जा १९७५ साली मिळाला. हॉर्नबोर्गा सरोवराची कथा याहून बोलकी आहे. १८०२ ते १९३३ या काळात ते शेतजमिनीसाठी पुन्हा पुन्हा उपसले गेले आणि जवळजवळ नाहीसे झाले. मिळालेली जमीनही धड पिकली नाही. ते परत भरायला पाहण्या, वाद, कायदे, सरकारी पैसा असे सगळे लागले आणि पाणी प्रत्यक्ष चढले ते १९९०च्या दशकात.

पुस्तकात करकोच्यांचे नृत्य कुलाबेर्ग डोंगरावर होते. खरे नृत्य पाहायला लोक एप्रिलमध्ये हॉर्नबोर्गाला जातात, जिथे काही दिवशी वीस हजारांहून अधिक करकोचे मोजले गेले आहेत. ते तिथे कशासाठी जमू लागले? आसपासच्या शेतांत दारूच्या भट्ट्यांसाठी बटाटे लावत, त्यांतले उरलेसुरले खायला! पुढे बटाटे गेले. आता शेतकऱ्यांच्या कोवळ्या पेरणीवर करकोचे उतरू नयेत म्हणून सरकारी खर्चाने धान्य टाकतात. लागरलॉफबाईंच्या कथेत ना हिशेबाची वही आहे, ना नुकसानभरपाई मागणारा शेतकरी. मुलांच्या पुस्तकात ती नसावीत असे कुणी म्हणेल. पण शेतकऱ्यांची मुले असलेल्या वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा भाग स्वतः जोडावा, असे आम्ही सुचवतो. पिकावर उतरणारा पक्षी आणि पीक राखणारा माणूस ही जोडी आपल्या मुलांना स्वीडिश मुलांपेक्षा कमी ठाऊक नाही.

पुस्तक मिळवायचे तर इंग्रजीत व्हेल्मा स्वॉन्स्टन हॉवर्ड यांचे १९०७ आणि १९११ सालचे जुने भाषांतर आहे. भाषा गोड आहे, पण दुसऱ्या खंडातला भूगोलाचा काही भाग गाळलेला आहे, म्हणजे ज्यासाठी पुस्तक लिहिले तोच! पीटर ग्रेव्ह्ज यांनी २०१३ साली संपूर्ण पुस्तकाचे नवे भाषांतर केले. शाळेच्या ग्रंथालयासाठी ते घ्यावे, आणि वाचताना स्वीडनचा नकाशा भिंतीवर लावावा. आठवी-नववीच्या मुलांना एकेक प्रकरण वाटून देऊन पेन्सिलही द्यावी.