गजशार्दूल व समाधी, गोंड परंपरेतील
गोंड राजसत्तेचे चिन्ह व मृतस्मारके यांचा प्रतीकार्थ. चंद्रपूरच्या (जुने नाव चांदा) परकोटाच्या वेशींवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे. बलाढ्य शत्रूवरील विजय, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. तथापि कोणार्कच्या सूर्यमंदिरातही (तेरावे शतक) हत्तीवर आरूढ सिंह आढळतात. त्यामुळे केवळ राजकीय अर्थ अपुरा ठरतो. ॲसिरियातील पंखयुक्त, मानवमुखी बैलांप्रमाणे हा अद्भुत पशूही मुख्यतः उंबरठ्याचा राखणदार आहे. आतील सुरक्षित जग व बाहेरचे अनावर बळ यांमधील सीमा तो दर्शवितो. समाधी हीदेखील जिवंत व मृत यांमधील सीमाच होय. अचलेश्वर मंदिराजवळील बीरशाहाची समाधी राणी हिराईने बांधविली. तीत राजवंशाच्या सातत्याची ग्वाही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया मात्र मृतांसाठी अनघड शिळा उभारतात. तेथे मृत व्यक्ती कुळापासून दुरावत नाही, ती पूर्वजांत सामील होते. म्हणून या शिळांना निव्वळ आदिम अवशेष ठरविणारे विवेचन एकांगी होय. राजाची समाधी व माडियांची शिळा ही मृत्यूविषयीच्या एकाच प्रश्नाची दोन तुल्यबळ उत्तरे आहेत.