साक्षीदार कुठाय?

आधी मद्रासकडच्या एका चांभाराची गोष्ट. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा माणूस. जात आदि-द्रविड, धर्म ख्रिस्ती. सरकारनं रस्त्यावरच्या चांभारांना फुकट टपऱ्या वाटल्या, त्यात याचं नाव आलं नाही. शेजारी बसणाऱ्याला टपरी, याला ऊन. कारण १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश आणि त्यातला तिसरा परिच्छेद. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सूसाई विरुद्ध भारत सरकार, निकाल १९८५. कोर्ट म्हणालं ते थोडक्यात असं : धर्मांतरानंतर जात चिकटून राहिली एवढं दाखवून भागत नाही. ख्रिस्ती समाजातही तेच हाल तितक्याच तीव्रतेनं भोगावे लागतात याचा पुरावा पाहिजे, आणि तसा तपशीलवार पुरावा आमच्यापुढं नाही.

पुरावा! दोस्तांनो, हा शब्द ध्यानात ठेवा. बोलायचंय साहित्यावर, पण वाट या टपरीवरूनच जाते.

मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटलं की मास्तर लोक कुणाची नावं घेतात? बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई. पदमनजी कासार, बाकीचे ब्राह्मण. १८५७ चं ‘यमुनापर्यटन’ मराठीतली पहिली कादंबरी म्हणून मिरवतात. तिच्यात विधवांचं दुःख आहे. ते दुःख खोटं नव्हे. पण नगर जिल्ह्यात चर्चं भरली ती कुणी? अमेरिकन मिशननं १८३१ साली नगरात ठाण मांडलं. पुढं वडाळा, राहुरी या पट्ट्यात बाप्तिस्मा घेतला तो मुख्यतः महारांनी, मग मांगांनी. बाकं आमच्या माणसांनी भरली आणि पुस्तकं भटांनी लिहिली. हिशेब इतका उघड आहे.

‘स्मृतिचित्रे’ला नावं ठेवायची माझी छाती नाही. १९३४ पासून भागाभागानं आलेलं हे पुस्तक. स्वतःला इतकं मोकळं हसणारी बाई मराठीत दुसरी दाखवा. नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला तेव्हा हिच्यावर आभाळ कोसळलं. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा. मधल्या वर्षांत तिचं सोवळं एकदम नाही, चिंधीचिंधीनं सुटत गेलं, आणि ते तिनं कसलाही आव न आणता सांगितलं. म्हणूनच ते खरं वाटतं. पण यात विटाळ मानणाऱ्याच्या घरातून विटाळ कसा निघाला एवढंच कळतं. ज्याचा विटाळ होता तो त्याच चर्चात येऊन बसला तेव्हा शेजारचा सरकला का, प्रभुभोजनाचा प्याला त्याच्याकडे कितव्या नंबरानं आला, सोयरीक जुळवताना पाद्री कोणत्या वाड्यात गेला, हे लक्ष्मीबाई कुठून सांगणार? ते तिचं काम नव्हतं. प्याला ज्याच्या हातात होता त्याचं होतं.

तसं म्हणाल तर ख्रिस्ती छापखान्यातून आमचा आवाज एकदा आलाय, आणि तोही ‘यमुनापर्यटना’च्या आधी. १८५५ साली मिशनच्या ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मांगाची पोर, वय चौदा, फुल्यांच्या शाळेतली. इमारतीच्या पायात तेलशेंदूर पाजून पुरलेले मांग-महार तिनं कागदावर उभे केले. वेद बामणांचे, मग आम्हाला धर्म कोणता, असं तिनं देवालाच विचारलं. गंमत अशी की ती ख्रिस्ती नव्हती. पाद्र्यांचा कागद आणि जोतिबाची शाळा, या दोन्हींच्या मधोमध तो निबंध जन्मला. तो छापणाऱ्याला श्रेय द्यायला मी कचरत नाही. पण मिशनच्या आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या आमची पोरं शिकली, शिक्षक झाली, नर्सा झाल्या, बायबल तोंडपाठ म्हणू लागली. त्यांच्यातली दुसरी मुक्ता मराठी वाचकापर्यंत का पोचली नाही?

माझ्या मते त्यांना साक्ष द्यायला शिकवलं ते देवाच्या कृपेची. अंधारातून उजेडात आलो, ही एकच गोष्ट शंभरदा. उजेडात आल्यावरही ठेच लागते हे सांगितलं तर कृपेला कमीपणा येतो. म्हणून तोंडं शिवलेली.

ही शिवण उसवली अरविंद निर्मल यांनी. १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात ते शूद्रांच्या ईश्वरशास्त्राबद्दल बोलले, पुढं त्याला दलित ईश्वरशास्त्र म्हणू लागले. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात इस्राएली माणूस आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण काढतो. निर्मल म्हणाले, माझ्या पूर्वजाला भटकायचंही स्वातंत्र्य नव्हतं. त्याच्या गळ्यात थुंकायचं मडकं होतं, पाऊल पुसायला कमरेला फांदी होती. येशूच दलित, असं ते ठासून मांडतात. आणि कृतीच्याही आधी वेदना येते हा त्यांचा मुद्दा तर आपल्या साहित्याच्या वादातून थेट उचलावा असा. एकच खंत. ते मडकं आपल्या पेशवाईतलं आणि लेख इंग्रजीत! राहुरीच्या म्हातारीनं तो कसा वाचावा?

आता आपल्याकडे. बाबासाहेबांनी १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांना तोंडावर सांगितलं होतं, की मिशनरी बाप्तिस्मा देऊन मोकळे होतात, तुमच्या राजकीय हक्कांचं बघत नाहीत. आपण त्यातला टोमणा तेवढा उचलला. दुधाच्या भुकटीसाठी बाटलेले, असं आपल्याच बैठकांत म्हणतात, मी ऐकलंय. १९५० च्या त्याच तिसऱ्या परिच्छेदानं आपल्यालाही बाहेर ठेवलं होतं. शिखांना १९५६ मध्ये आत घेतलं. नागपूरची दीक्षाही त्याच वर्षाची, पण केंद्राच्या यादीत बौद्धांना यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. तेव्हा आपण काय भुकटी खाल्ली होती?

२००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाचा अहवाल आला. धर्माची अट काढा, असं त्यात स्पष्ट म्हटलं. २०२२ मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगाला आकडे लागतात, आणि आकड्यांच्या मागं माणसं लागतात. मशाणात जागा कुठं मिळाली, विहिरीवर कोण काय म्हणालं, दाखल्यावर जात लिहायची की धर्म यावरून बापलेकांत काय झालं. यातली एक ओळसुद्धा दुसरं कुणी लिहिणार नाही.

पुढच्या अंकाची आठ पानं आम्ही राखून ठेवलीत. मिशन कंपाउंडातल्या पोरापोरींनी पेन्सिलीनं लिहून दिलं तरी चालेल, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. स्टेन्सिल आम्ही कापू.