स्थावर संपदेची पदवी आणि जमिनीची भाषा

स्थावर संपदा या विषयात व्यवसाय-प्रशासनाची चार वर्षांची पदवी कशी आखावी, हा प्रश्न २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांपुढे नव्याने उभा राहिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक ठरविले असून मुख्य विषय, गौण विषय, कौशल्य, भाषा-क्षमता, कार्यानुभव अशी त्यांची वाटणीही करून दिली आहे. चौकट तयार आहे, तीत काय भरावयाचे एवढेच उरले आहे, असे आखणी करणारांस वाटणे स्वाभाविक होय. मग वित्त, विपणन, मूल्यांकन, नगररचना, कायदा, प्रकल्प-व्यवस्थापन असे विषय ओळीने मांडले जातात. ते सर्व आवश्यकच आहेत. उणीव राहते ती निराळ्याच ठिकाणी. ज्या कागदांवर महाराष्ट्रातील हा सारा व्यवसाय उभा आहे, ते कागद ज्या भाषेत लिहिलेले आहेत त्या भाषेला अशा आखणीत बहुधा जागाच नसते. आणि असली तर ती 'संभाषण-कौशल्य' या नावाखाली इंग्रजीला दिलेली असते.

विषयाच्या नावापासूनच आरंभ करावा. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम व १९०८ चा नोंदणी अधिनियम यांच्या मराठी रूपांत 'स्थावर मालमत्ता' असा शब्द आहे. स्थावर आणि जंगम हा भेद धर्मशास्त्रकारांचा. त्याला अरबीतून आलेली 'मालमत्ता' जोडली गेली आणि तो जोड शे-दीडशे वर्षे न्यायालयांत सुखाने नांदला. २०१६ च्या केंद्रीय अधिनियमाने 'स्थावर संपदा' हे नाव रूढ केले. त्याच अधिनियमाच्या हिंदी नावात मात्र 'भू-संपदा' आहे. बाजारात 'रिअल इस्टेट' व 'प्रॉपर्टी' चालते, आणि घरात जो शब्द चालतो तो निव्वळ 'जागा' हा आहे. 'त्यांनी जागा घेतली' या वाक्यात जमिनीचा तुकडा, चाळीतील खोली किंवा तेराव्या मजल्यावरील सदनिका यांपैकी काहीही असू शकते. एका वस्तूची ही पाच नावे केवळ पर्याय म्हणून वावरत नाहीत. प्रत्येकाचा बोलणारा निराळा, व्यवहाराची पायरी निराळी आणि त्यातून उत्पन्न होणारे हक्कही निराळे. पदवीधराचे काम या पायऱ्यांवरून चढउतार करण्याचे आहे.

या विषयाच्या अध्यापनाच्या दोन जुन्या परंपरा आहेत, आणि नव्या आखणीवर दोहोंची छाया पडलेली दिसते. इंग्लंडमधील परंपरा मोजणीदार व मूल्यांकनकार यांच्या धंद्यातून वाढली. १९१९ साली लंडनमध्ये स्थापन झालेले व पुढे रेडिंगला गेलेले 'कॉलेज ऑफ इस्टेट मॅनेजमेंट' हे तिचे ठळक उदाहरण. अमेरिकेतील परंपरा अर्थशास्त्रातून निघाली. विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड इलाय याने १९२० च्या सुमारास भूमि-अर्थशास्त्राचा पाया घातला आणि त्याच विद्यापीठात पुढे जेम्स ग्रासकँप याने हा विषय व्यवसायशिक्षणाच्या अंगाने वाढविला. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत होती व ती कोणी बोलून दाखविण्याचे कारण नव्हते. जमिनीचा लेख, त्यावरील वाद, करारनामा, वर्गातील व्याख्यान आणि विद्यार्थ्याची घरची बोली ही सर्व एकाच भाषेची निरनिराळी रूपे होती. ती परंपरा येथे उचलून आणताना हे न बोललेले गृहीतक मागे राहते. पुस्तके येतात, तक्ते येतात, आणि गाव नमुना सात तलाठ्याच्या दप्तरातच राहतो.

या नमुन्याची भाषा शिकण्याजोगी आहे याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी एक जुना उतारा समोर घेऊन बसावे. खातेदाराच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे आढळतात. इंग्रजीतून शिकलेला वाचक त्यांस नावाची आद्याक्षरे समजण्याचा संभव आहे. वस्तुतः ती 'एकत्र कुटुंब मॅनेजर' यांची आद्याक्षरे होत, आणि त्यांचा अर्थ असा की ही व्यक्ती एकटी धारक नसून कुटुंबाच्या वतीने तिचे नाव लागलेले आहे. ज्यांची नावे कागदावर नाहीत अशा भावाबहिणींचे हक्क त्या तीन अक्षरांच्या पोटात आहेत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. येथे 'अज्ञान' म्हणजे अडाणी नव्हे, तर वयाने लहान. एखाद्या नावाभोवती कंस असतो. व्याकरणात कंसातील मजकूर गौण पण विद्यमान असतो. महसुली लेखात कंसात गेलेले नाव संपलेले असते. त्याच्याजवळचा आकडा फेरफार नोंदीचा. ते नाव का संपले, विक्रीने, वारसाने, वाटपाने की आदेशाने, हे त्या नोंदीत शोधावे लागते. 'आणेवारी' या शब्दाने सामाईक जमिनीतील हिस्साही दाखविला जातो आणि पिकाचा अंदाजही. दुसऱ्या अर्थी आता 'पैसेवारी' म्हणतात, पण जुन्या कागदांना ते ठाऊक नाही. 'भोगवटादार वर्ग २' या तीन पदांत हस्तांतरावरील निर्बंध सांगितलेला आहे, आणि 'इतर हक्क' या निरुपद्रवी शीर्षकाखाली कुळाचा हक्क, विहिरीतील वाटा, बँकेचा बोजा असे काहीही दडलेले असू शकते.

याहून मोठा घोटाळा 'सातबारा' या शब्दाचाच आहे. लोकभाषेत सातबारा नावावर होणे म्हणजे मालक होणे, आणि सातबारा कोरा होणे म्हणजे कर्ज फिटणे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार-अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची, इतकेच. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. शब्द वापरणाऱ्यांच्या मनातील अर्थ आणि कायद्याच्या मनातील अर्थ यांतील या अंतरात फसवणुकीला भरपूर वाव मिळतो. ज्याची जमीन जाते त्याला हे अंतर ठाऊक नसते. जो विकत घेतो त्यालाही पुष्कळदा नसते. निदान मध्ये उभ्या असलेल्या पदवीधराला तरी ते ठाऊक असावे, ही अपेक्षा फार नव्हे.

इमारतींच्या क्षेत्रात गोंधळ अलीकडचा आहे, आणि तो परिभाषा घडविणारांनी स्वतः निर्माण केलेला आहे. २०१६ च्या अधिनियमातील व्याख्येप्रमाणे सदनिकेचे चटई क्षेत्र म्हणजे आतील वापरण्याजोगे क्षेत्र. त्यात आतल्या भिंती धरावयाच्या, पण बाहेरच्या भिंती, सेवानलिकांची जागा, स्वतंत्र बाल्कनी व उघडी गच्ची धरावयाची नाही. उलट, 'चटईक्षेत्र निर्देशांक' या प्रतिष्ठित संज्ञेत ज्या क्षेत्राचे भूखंडाशी गुणोत्तर काढतात ते बांधकामाचे क्षेत्र असते, त्यात बाहेरच्या भिंतीही येतात. इंग्रजीत या दोन कल्पनांना दोन निरनिराळे शब्द आहेत. मराठीने दोहोंखाली एकच चटई अंथरली. हजार चौरस मीटर भूखंडावर निर्देशांक एक असेल तर हजार चौरस मीटर चटई क्षेत्र विकता येईल, असे समजणारा विद्यार्थी गणितात कच्चा नाही. त्याला शब्दाने चकविले आहे. मोजमापांतही हीच गत. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट. उताऱ्यावरील 'आर' म्हणजे शंभर चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. बोलताना दोन्ही एकच धरले जातात. एका गुंठ्यात फरक तेरा चौरस फुटांचा. चाळीस गुंठ्यांच्या सौद्यात तो पाचशे चौरस फुटांच्या वर जातो, म्हणजे शहराच्या कडेला एका लहान सदनिकेइतका.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. भांडवल, बँका, मोठ्या कंपन्यांचे करारनामे हे सर्व इंग्रजीत चालते; विद्यार्थी अन्य प्रांतांतूनही येतील; मग मराठीचा हा आग्रह केवळ अभिमानापोटी तर नव्हे ना? शिवाय शासकीय मराठी तरी कोणास कळते? 'मानीव अभिहस्तांतरण' ही संज्ञा पाहावी. १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमान्वये प्रवर्तकाने गृहनिर्माण संस्थेच्या नावे जमीन व इमारत करून द्यावयाची. त्याने ती न दिल्यास सक्षम अधिकाऱ्यामार्फत ती मिळविण्याची सोय २००८ च्या सुधारणेने झाली, आणि तिला हे नाव मिळाले. सोय चांगली आहे. पण ज्यांच्यासाठी ती केली त्या सभासदांना या दोन शब्दांतील एकाचाही अर्थ लागत नाही. 'मानीव' म्हणजे 'झाले असे मानलेले', हे समजावून सांगितल्यावर कळते. तेव्हा 'डीम्ड कन्व्हेयन्स' आणि 'मानीव अभिहस्तांतरण' यांत सामान्य माणसाच्या दृष्टीने निवड करण्यासारखे फारसे काही नाही.

आक्षेपाचा हा दुसरा भाग खरा आहे. परंतु त्यातून जो निष्कर्ष निघतो तो मराठी वगळण्याचा नव्हे. कागदाची मराठी, कायद्याची मराठी आणि माणसांची मराठी अशा तीन भाषा एका व्यवहारात एकत्र येतात व एकमेकींना ओळखत नाहीत, इतकेच त्यातून सिद्ध होते. शहरातील करारनामा इंग्रजीत असला तरी त्याच्या शेवटी जोडलेले परिशिष्ट मराठीच असते, कारण जमिनीचा मूळ लेख तेवढाच आहे. कंपनी सरकारच्या काळात ही अडचण जाणवली तेव्हा एच. एच. विल्सन याने न्याय व महसूल खात्यांतील देशी संज्ञांचा कोश रचला व तो १८५५ साली प्रसिद्ध झाला. परक्या राज्यकर्त्यांना कारभारासाठी जे आवश्यक वाटले ते येथील विद्यापीठांना व्यवसायशिक्षणासाठी अनावश्यक वाटावे, हे चमत्कारिक होय. परप्रांतीय विद्यार्थ्याला तर या अभ्यासाची गरज अधिकच आहे; मराठी घरात वाढलेल्याला निदान 'बिनशेती' हा शब्द कानावर पडलेला असतो आणि 'अकृषिक' हे त्याचेच दप्तरी रूप आहे हे सांगितल्यावर समजते.

प्रश्न उरतो तो स्थानाचा. आयोगाच्या आराखड्यात भाषा-क्षमतेस आठ श्रेयांक आहेत. ते सर्व सामान्य लेखन व भाषण यांवर न घालविता त्यांतील निम्मे जमिनीच्या लेखांच्या वाचनास द्यावेत, आणि ते पहिल्याच वर्षी द्यावेत. हा क्रम केवळ सोयीचा नाही. याच आराखड्यात पहिल्या वर्षानंतर चाळीस श्रेयांक व उन्हाळ्यातील चार श्रेयांकांचा व्यावसायिक पाठ्यक्रम पुरा करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. जो पहिल्या वर्षी बाहेर पडेल तो कोठे जाईल? संस्थेच्या वित्तविभागात नव्हे. तो दलालीत जाईल. म्हणजे ग्राहकासमोर आणि जमीनधारकासमोर सर्वांत आधी तोच उभा राहणार. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने २०२३ साली दलालांना सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक करण्याचा निर्णय घेतला तो याच जाणिवेतून. असे असताना उताऱ्याचे वाचन तिसऱ्या वर्षाच्या कायद्याच्या विषयात एका प्रकरणापुरते ठेवणे म्हणजे ज्याला त्याची सर्वाधिक गरज त्यालाच ते नाकारणे होय. वित्तीय प्रतिमाने तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू शकतात.

चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेणारांस बारा श्रेयांकांचा प्रकल्प आहे. येथे भाषाविभागाचा खरा संबंध येतो. एका तालुक्यातील फेरफार नोंदवह्यांची भाषा, खरेदीखतांतील ठराविक वाक्प्रयोगांचा पन्नास वर्षांतील बदल, कोकणात व विदर्भात एकाच धारणाप्रकाराला असलेली नावे, करारनाम्याच्या मराठी भाषांतरांतील चुका असे कितीतरी विषय अस्पर्श पडून आहेत. असे प्रकल्प दोन विभागांनी मिळून चालवावे लागतील; वाणिज्य विभागाला हे मान्य करणे जड जाईल, आणि भाषाविभागाला तलाठी कार्यालयाची पायरी चढणे त्याहूनही जड जाईल.

अध्यापक कोठून आणावयाचे, हा प्रश्न शेवटी येतोच. ज्यांस हे कागद वाचता येतात त्यांच्यापाशी पदव्या नसतात, आणि ज्यांच्यापाशी पदव्या असतात त्यांनी हे कागद पाहिलेले नसतात. आयोगाने २०२२ साली व्यवसायातील अनुभवी व्यक्तींना औपचारिक पात्रतेची अट शिथिल करून अध्यापक म्हणून घेण्याची जी योजना केली, तिचा लाभ उद्योगपतींपुरता का असावा? निवृत्त मंडळ अधिकारी, भूमि-अभिलेख खात्यातील जुना मोजणीदार, किंवा ज्याचे पदनाम २०२४ मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' असे बदलले तो तलाठी यांना वर्गात बोलवावे, आणि परीक्षेत व्याख्या न विचारता नावे झाकलेला एक खरा उतारा व त्याच्या चार फेरफार नोंदी विद्यार्थ्यापुढे ठेवून, ही जमीन विकण्याचा अधिकार आज कोणाकोणाला आहे, एवढेच विचारावे.