रस सांडल्यावर

जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा पेलाभर रस लॅपटॉपच्या कीबोर्डवर सांडला की तो पाण्यापेक्षा जास्त छळतो. त्यातल्या आम्ल-क्षारांतून वीज वाहते आणि वाळल्यावर साखर चिकटून राहते. शहरातल्या एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याचा हात पारखायचा, तर असा लॅपटॉप त्याच्या टेबलावर असताना पारखावा.

मालक म्हणतो, ‘एकदा चालू करून बघा ना.’ दुरुस्तीवाला बघत नाही. मागचं झाकण उघडून सर्वात आधी बॅटरीचा जोड प्लास्टिकच्या पट्टीनं सोडवतो. ओल, तांबं आणि वीज एकत्र आली की तारा हिरव्या पडून झिजतात. त्यातली वीजच तेवढी त्याच्या हातात असते, आणि ती तो ताबडतोब काढून घेतो. मग स्क्रू निघालेल्या जागेनुसार मांडून ठेवतो, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डालाच भोक पडतं. ही शिस्त बघतच राहावी अशी.

खरी कसदार जागा पुढे आहे. सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतात, पण त्यात साखर जवळपास विरघळत नाही. म्हणून हा आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घेतो. बोअरचं मुळीच नाही, त्याचे क्षार मागे उरतात. मऊ ब्रशनं चिकटा सुटला, की मग अल्कोहोल येतं आणि पाण्याला आपल्याबरोबर घेऊन उडून जातं. चिपच्या पोटाखाली ते शिरावं म्हणून तो बोर्ड किंचित कलता धरतो. दोन द्रवांचा हा क्रम ज्याला कळला, त्याला काम कळलं.

कीबोर्डचं मात्र तो स्पष्ट सांगतो. बटणांखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात, रस त्यांच्यामध्ये आपोआप ओढला जातो आणि पुसणारा बोळा तिथवर पोचत नाही. ‘बदलावा लागेल,’ म्हणतो. खोटी आशा न दाखवणं हाही कसबाचाच भाग. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांत सांडलेलं पाणी तळाच्या भोकांतून बाहेर काढणाऱ्या वाटा असतात; तसे लॅपटॉप उघडताना तो त्या वाटा कौतुकानं दाखवतो.

नवा कीबोर्ड बसला, मल्टिमीटरनं शॉर्ट नसल्याची खात्री झाली, की बॅटरी जोडून तो इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत ‘मराठवाडा’ टाइप करतो. एकदा डाव्या शिफ्टनं, एकदा उजव्या. शिफ्ट लागत नसेल तर पडद्यावर ‘मराटवाडा’ उमटतं.